जिंजर स्नॅप्स: मागे राहिलेल्या बहिणीची भयकथा

जॉन फॉसेट यांनी दिग्दर्शित केलेला 'जिंजर स्नॅप्स' हा कॅनेडियन भयपट २००० साली प्रथम दाखवला गेला, आणि तेव्हापासून त्याची ओळख बहुतेक ठिकाणी एकाच वाक्यात करून दिली जाते: एका मुलीला पहिली पाळी येते, त्याच रात्री तिला एक हिंस्र प्राणी चावतो आणि ती हळूहळू वेअरवुल्फ, म्हणजे लांडग्यासारख्या हिंस्र प्राण्यात बदलणारे माणूस, होऊ लागते. या वाक्यात चूक काही नाही. मात्र ते वाक्य चावा बसलेल्या मुलीविषयी आहे, आणि चित्रपट जवळजवळ संपूर्णपणे तिच्या धाकट्या बहिणीच्या नजरेतून घडतो. सोळाच्या उंबरठ्यावरची जिंजर बदलत जाते. पंधरा वर्षांची ब्रिजिट तो बदल पाहते, लपवते, निस्तरते आणि आपल्याला सोडून चाललेल्या बहिणीला धरून ठेवण्यासाठी एकेक पायरी खाली उतरत जाते. कॅरेन वॉल्टन यांच्या पटकथेचे बळ या दृष्टिकोनात आहे, आणि वेअरवुल्फच्या कितीतरी चित्रपटांच्या गर्दीतून हा एक आजही पुन्हा पाहावासा वाटतो तो याच कारणाने. पुढील लेखनात शेवटासह सर्व कथानकाची चर्चा आहे. ज्यांना ते आधी कळू नये असे वाटते त्यांनी एकशे आठ मिनिटांचा हा चित्रपट आधी पाहून घ्यावा.

कथा घडते ती बेली डाउन्स नावाच्या एका काल्पनिक उपनगरात. प्रत्यक्ष चित्रीकरण टोरांटोच्या आसपासच्या उपनगरांत झाले आहे. एकाच साच्यातून काढल्यासारखी घरे, पानगळीचा फिका उजेड, खेळाची मैदाने आणि कुंपणे यांखेरीज तिथे काही नाही, आणि त्या परिसरात कोणी तरी पाळीव कुत्री फाडून टाकत आहे. आपला कुत्रा मेल्याचे कळून एक बाई रस्त्यावर येऊन किंचाळते, तेव्हा शेजारच्या मुलांचा खेळ क्षणभर थांबतो आणि लगेच पुन्हा सुरू होतो. या एवढ्याशा तपशिलातून त्या वस्तीचा स्वभाव कळतो. फिट्झजेरल्ड बहिणींना ही वस्ती मनापासून नकोशी आहे. तळघरातल्या एकाच खोलीत राहणाऱ्या या दोघी आपल्याच मृत्यूचे निरनिराळे प्रसंग रचतात, त्यांची छायाचित्रे काढतात आणि शाळेत प्रकल्प म्हणून ती पडद्यावर दाखवतात. कुणी कुंपणाच्या टोकांवर पडलेली, कुणी गवत कापण्याच्या यंत्राखाली सापडलेली. श्रेयनामावलीच्या वेळी दिसणारी ही चित्रमालिका एकाच वेळी विनोदी आणि अस्वस्थ करणारी आहे, आणि पुढच्या सगळ्या कथेची बीजे तिच्यात पडलेली आहेत.

सोळाव्या वर्षापर्यंत इथून बाहेर पडायचे, नाही तर दोघींनी एकत्र मरायचे, अशी शपथ या बहिणींनी लहानपणी घेतलेली आहे. पटकथेने या शपथेकडे फार बारकाईने पाहिले आहे. बहिणींमधील जिव्हाळा हे एक हरवलेले नंदनवन होते आणि वयात येण्याने ते उद्ध्वस्त केले, अशी सोपी मांडणी इथे नाही. शपथेची भाषा जिंजरची आहे, योजना जिंजरच्या आहेत, मृत्यूच्या प्रसंगांतली तारका बहुतेक वेळा जिंजर आहे. ब्रिजिट कॅमेरा धरते, तयारी करते आणि होकार देते. सुरुवातीच्याच एका प्रसंगात मृत्यूविषयी बोलताना ब्रिजिटच्या मनात शंका आहे असे जाणवते, आणि जिंजर ती शंका तिथेच मोडून काढते. एक इयत्ता ओलांडून ब्रिजिट बहिणीच्या वर्गात आलेली आहे, म्हणजे शाळेतही तिला स्वतःची अशी जागा नाही. दुरावा सुरू होण्याआधीच या नात्यात काही तरी दमट आणि कोंदट होते, हे चित्रपट पहिल्या पंधरा मिनिटांत दाखवून देतो. तसे ते दाखवले नसते तर पुढचा सारा शोक भाबडा झाला असता.

चाव्याचा प्रसंग थोडक्यात सांगण्यासारखा आहे, कारण त्याची रचना नेटकी आहे. शाळेत छळणाऱ्या ट्रीना नावाच्या मुलीचा कुत्रा पळवून तिला धडा शिकवावा म्हणून दोघी रात्री बाहेर पडतात. वाटेत त्यांना एका कुत्र्याचे फाडलेले प्रेत दिसते, जिंजरच्या पायावरून रक्ताचा ओघळ उतरतो, आणि काय घडते आहे ते दोघींना नीट उमगण्याआधी अंधारातून काही तरी झेप घेऊन जिंजरला ओढून नेते. ब्रिजिट तिच्या मागे धावते, त्या प्राण्यावर तुटून पडते आणि बहिणीला सोडवते. पळताना त्यांचा पाठलाग करणारा प्राणी सॅम नावाच्या तरुणाच्या गाडीखाली येतो. घरी पोहोचेपर्यंत जिंजरच्या जखमा भरू लागलेल्या असतात. रुग्णालयात नेऊ नकोस, कुणाला सांगू नकोस, असे जिंजर बजावते, आणि ब्रिजिट ऐकते. पुढची सारी शोकांतिका या ऐकण्याच्या सवयीतून वाढत जाते.

जुन्या वेअरवुल्फपटांत पौर्णिमेच्या रात्री माणूस बदलतो आणि सकाळी पश्चात्तापासह जागा होतो. इथे बदल महिनाभर चालतो आणि तो परतीचा नाही. जखमांच्या जागी राठ केस येतात, पाठीच्या टोकाशी शेपटासारखे काही तरी वाढू लागते, दात आणि डोळे बदलतात. हा आजार एखाद्या संसर्गासारखा रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो. जेसन नावाच्या मुलाला जिंजरकडून त्याची लागण होते. या संथपणामुळे पटकथेला जो वाव मिळतो तो महत्त्वाचा आहे, कारण सुरुवातीच्या दिवसांत जिंजरमध्ये दिसणारे बदल राक्षसाचे आहेत की वयाचे, हे ठरवणे ब्रिजिटला शक्य नसते. कालपर्यंत मळकट, ढगळ कपड्यांत वावरणारी बहीण आज शाळेच्या लांब मार्गिकेतून संथ पावलांनी चालत येते आणि सगळी मुले माना वळवून पाहू लागतात. ती ज्या मुलांची टर उडवत असे त्यांच्याबरोबरच गांजा ओढायला जाते. बहिणीला न सांगता बाहेर जाते. ब्रिजिटच्या दृष्टीने शेपूट ही या यादीतली केवळ एक नोंद आहे. शाळेतल्या खेळाच्या तासाआधी ती जिंजरचे शेपूट चिकटपट्टीने शरीराला बांधून देते, त्या प्रसंगात भीतीपेक्षा जवळीक अधिक आहे, आणि म्हणूनच तो लक्षात राहतो: अशा कामासाठी तरी बहिणीला आपली गरज आहे, याचे समाधान त्या धाकटीच्या हालचालींत दिसते.

या चित्रपटाविषयी लिहिताना पाळी आणि वेअरवुल्फ यांच्या रूपकावर भर दिला जातो, आणि तो देणे स्वाभाविकच आहे. दोघी शाळेतल्या परिचारिकेकडे जातात तेव्हा ती केस, वेदना आणि रक्तस्राव यांविषयी हसतमुखाने, पाठ केल्यासारखी माहिती देते, आणि ही सारी लक्षणे 'सामान्य' असल्याचा दाखला मिळतो. तो प्रसंग उत्तम विनोदी आहे. जेवणाच्या टेबलावर आई मोठ्या कौतुकाने हा क्षण साजरा करते आणि दोन्ही मुली शरमेने मान खाली घालून बसतात, तोही तसाच. पण माझ्या मते हे रूपक पहिल्या चाळीस मिनिटांत आपले काम आटोपते, आणि पटकथाही त्याला त्यापुढे ताणत नाही. शरीर बदलणे भयानक आहे, एवढेच सांगायचे असते तर चित्रपट जिंजरचा झाला असता. त्याला सांगायचे आहे ते असे, की दोन माणसे मिळून एकच आयुष्य जगत असतील आणि त्यांतले एक आपला वाटा घेऊन निघून जाऊ लागले, तर उरलेल्याकडे स्वतःचे असे काय शिल्लक राहते.

रूपकाबाबत एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो. मुलीची लैंगिक जाणीव आणि हिंसा या दोन्ही गोष्टी एकाच आजाराची लक्षणे म्हणून दाखवल्या, तर त्या जाणिवेलाच आजार ठरवल्यासारखे होत नाही का? चित्रपट या आरोपातून पूर्णपणे सुटत नाही. परंतु पटकथेला या प्रश्नाचे भान आहे. जेसनबरोबरच्या अनुभवानंतर घरी आलेली जिंजर जे बोलते त्यात वासनेच्या अपराधापेक्षा हिशेबाची चीड आहे: तो उद्या शाळेत पराक्रमी ठरेल आणि आपल्याला मात्र एक शिवी चिकटेल, हे तिला स्पष्ट दिसते. पुढे एका मृत्यूनंतर ती शांतपणे म्हणते, की आपल्यावर कुणाचा संशय येणारच नाही, कारण मुलींना जग मोजक्याच साच्यांत पाहते आणि त्या साच्यांत खुनी मुलगी बसत नाही. या तर्कात जी कडवट हुशारी आहे ती वॉल्टन यांची खास आहे. भयपटांत स्त्री-पात्रे उथळ असतात म्हणून त्या या प्रकारात लिहायला सुरुवातीला तयार नव्हत्या, आणि फॉसेट यांनी या प्रकाराची नव्याने मांडणी करू असे आश्वासन दिल्यावर त्यांनी होकार दिला, ही माहिती प्रसिद्ध आहे. पटकथा वाचकासारखी ऐकत गेले तर तो सुरुवातीचा संशय तिच्या ओळीओळीत कामाला लागलेला दिसतो.

चित्रपटाच्या मध्यभागी असलेला ट्रीनाच्या मृत्यूचा प्रसंग हा माझ्या मते त्याचा सर्वोत्तम भाग आहे. आपल्या कुत्र्याचा जाब विचारायला ट्रीना घरी येते, झटापट होते आणि स्वयंपाकघरात सांडलेल्या दुधावरून घसरून तिचे डोके ओट्याच्या कडेवर आपटते. मृत्यू अपघाती आहे, राक्षसाने तो घडवलेला नाही, आणि तरीही यानंतर बहिणी अपराधी आहेत. आईवडील दारात येऊन ठेपलेले असताना प्रेत शीतपेटीत लपवले जाते, आणि जमिनीवरच्या रक्ताचे कारण द्यायची वेळ येते तेव्हा त्या दोघींचा तो जुना छंद कामी येतो. घराला खोट्या रक्ताची इतकी सवय झालेली आहे की खरे रक्त ओळखले जात नाही. मरणाचा खेळ करणाऱ्या मुलींच्या हाती खरे मरण येते तेव्हा ते किती ओबडधोबड, किती घाणेरडे आणि किती कष्टाचे असते, हे गोठलेले प्रेत सोडवण्याच्या खटपटीत दिसते. तुटलेली बोटे कुठे तरी पडून राहतात आणि पुढे आईच्या हाती लागतात. प्रेक्षकाला हसू येते आणि हसल्याची लाज वाटते. या प्रसंगापासून दोघींची वाट वेगळी होते, कारण जिंजरला त्या मृत्यूत एक मोकळीक सापडते आणि ब्रिजिटला प्रथमच आपल्या बहिणीची भीती वाटते.

मिमी रॉजर्स यांनी साकारलेली आई, पॅमेला, ही या चित्रपटातली अनपेक्षित देणगी आहे. सुरुवातीला ती निव्वळ हास्यास्पद वाटते. मुलींना समजून घेण्याचा तिचा उत्साह, तिचा प्रसन्न आवाज, काहीही न समजता सर्व समजल्याचा आविर्भाव, हे सारे व्यंगचित्राच्या जवळ जाणारे आहे. वडील तर त्याहूनही पुसट आहेत आणि चित्रपटाने त्यांच्यावर फारसा वेळ घालवलेला नाही, ते योग्यच झाले. पण मुलींच्या हातून काय घडले आहे याचा पुरावा सापडल्यावर ही बाई क्षणाचाही विचार न करता जे ठरवते त्याने प्रेक्षक चकित होतो. घरात गॅस सोडून काडी लावायची, सगळे जाळून टाकायचे आणि आपण तिघींनी नव्याने सुरुवात करायची, असे ती गाडी चालवता चालवता ब्रिजिटला सांगते. नवऱ्याचा विषय निघतो तेव्हा तो आपल्यालाच दोष देईल, सगळेच देतील, हे तिला ठाऊक असल्याचे तिच्या एका वाक्यात कळते. दोघींना एकत्र बांधणाऱ्या शपथेचे मूळ या घरात कुठे असेल, याचा अंदाज इथे येतो: सर्व काही सोडून जाऊ, पण एकमेकींना सोडणार नाही, हा अतिरेक आईकडूनच आलेला आहे. शेवटच्या भागात मात्र ही आई कथेतून अलगद निसटून जाते आणि तिचे पुढे काय होते याची पटकथेला फिकीर नसल्यासारखे वाटते. हा या चित्रपटातला सर्वांत खटकणारा दोष आहे.

उपायाचा धागा सॅममुळे कथेत येतो. क्रिस लेमकी यांचा हा तरुण पौगंडावस्थेतल्या मुलांना अमली पदार्थ विकतो, हरितगृहात झाडे वाढवतो आणि वनस्पतींची त्याला चांगली जाण आहे. चांदीवर ब्रिजिटचा भरवसा होता, म्हणून तिने जिंजरच्या बेंबीत चांदीची कडी टोचून पाहिली होती. त्याचा काही उपयोग झाला नाही. सॅम सुचवतो तो बचनागाच्या कुळातल्या जांभळ्या फुलांच्या वनस्पतीचा अर्क. ही वनस्पती प्रत्यक्षातही अत्यंत विषारी आहे आणि तिच्या विषाने हृदयाची लय बिघडते, त्यामुळे औषध आणि विष यांतले अंतर इथे कधीच स्पष्ट होत नाही. ज्या दिवसांत ती ताजी मिळत नाही त्या दिवसांत ती ब्रिजिटला सापडते ती आईने शोभेसाठी विकत आणलेल्या वाळलेल्या फुलांच्या जुडीत. आईच्या अजाणतेपणाला इतके सुंदर उत्तर क्वचितच कुठे दिले गेले असेल. हॅलोविनच्या दिवशी जेसनवर ब्रिजिटला तो अर्क टोचावा लागतो आणि त्याचा परिणाम दिसतो, त्यामुळे शेवटापर्यंत आशेला जागा राहते.

सॅम आणि ब्रिजिट यांच्यात प्रेमकथा उभी करण्याचा मोह पटकथेने टाळला आहे, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. त्याच्याशी बोलताना ब्रिजिट बहिणीचा आजार स्वतःचाच असल्याचे भासवते. म्हणजे बाहेरच्या माणसाशी तिची पहिली ओळखसुद्धा जिंजरच्या आयुष्याच्या आडून होते. हळूहळू मात्र त्या संभाषणांत तिचा आवाज स्थिर होत जातो, ती प्रश्न विचारते, स्वतः निर्णय घेते. जिंजरला हे कळते आणि ती चवताळते. शाळेतल्या सफाई कामगारावर ती हल्ला करते त्यामागेही ब्रिजिटकडे तो कसा पाहतो याविषयीचा संताप असतो. स्वतः दूर जाणारी मोठी बहीण धाकटीला दूर जाण्याची परवानगी देत नाही. आपण बदलावे आणि तिने मात्र आहे तिथेच, आपल्या वाटेकडे डोळे लावून बसावे, ही तिची अपेक्षा आहे. ज्यांना मोठी बहीण किंवा भाऊ आहे त्यांना हा अन्याय ओळखीचा वाटेल. जिंजर दुष्ट नाही, हे लक्षात ठेवूनच हे प्रसंग पाहिले पाहिजेत. एकटे पडण्याची भीती तिलाही आहे, फक्त ती भीती तिच्यात दातांवाटे बाहेर येते.

हे सारे तोलून धरले आहे ते दोन अभिनेत्रींनी. कॅथरिन इझाबेल यांच्या जिंजरचे कौतुक सर्वत्र होते आणि ते यथायोग्य आहे; उपहास, आकर्षण, घाबरगुंडी आणि क्रौर्य यांच्यात त्या ज्या सहजतेने ये-जा करतात त्यामुळे बदललेल्या जिंजरमध्येही जुनी जिंजर दिसत राहते. तरीही मला एमिली पर्किन्स यांची ब्रिजिट अधिक अवघड भूमिका वाटते. पुढे आलेल्या केसांच्या आड लपलेला चेहरा, वाकलेले खांदे, पुटपुटल्यासारखे बोलणे, यांतून सुरुवात करून शेवटी ताठ उभ्या राहिलेल्या मुलीपर्यंतचा प्रवास त्यांनी इतक्या बारीक पावलांनी केला आहे, की ती कधी सरळ उभी राहिली हे नेमके सांगता येत नाही. गमतीची गोष्ट अशी, की धाकट्या बहिणीचे काम करणाऱ्या पर्किन्स प्रत्यक्षात इझाबेल यांच्याहून सुमारे चार वर्षांनी मोठ्या आहेत, आणि ब्रिजिटचे ते केस म्हणजे टोप आहे. दोघी एकमेकींना आधीपासून ओळखत होत्या, आणि त्यांच्या संवादांतला वेग व अर्ध्यावर तुटणारी वाक्ये पाहिली तर ते पटते.

ही पात्रनिवड सोपी नव्हती. १९९९ साली अमेरिकेतील कोलंबाइन येथे आणि पाठोपाठ कॅनडातील अल्बर्टा प्रांतातील टेबर येथे शाळांत गोळीबार झाला होता, आणि अशा वेळी शाळकरी मुलांच्या हिंसेवरील चित्रपटाला टेलिफिल्म कॅनडा या संस्थेचा सार्वजनिक पैसा मिळावा का, यावर तिथल्या वृत्तपत्रांत वाद पेटला. टोरांटोतील अनेक पात्रनिवड दिग्दर्शकांनी या चित्रपटावर काम करण्यास नकार दिला. चित्रपट पाहिल्यावर हा वाद चुकीच्या जागी झाला असे वाटते. हिंसेचे आकर्षण दाखवताना तिची किंमत इतक्या सविस्तर मांडणारे किशोरवयीन भयपट फार थोडे आहेत. मात्र आत्महत्येचा करार, प्राण्यांचे मृत्यू, अमली पदार्थ आणि शरीरसंबंध हे विषय यात उघडपणे येतात, आणि विशेषतः आत्महत्येविषयीचे संवाद हलक्याफुलक्या सुरात सुरू होत असल्याने ते अवचित टोचू शकतात. स्वतः किंवा घरातले कुणी अशा काळातून जात असेल, तर हे लक्षात घेऊन मगच चित्रपट निवडावा.

तांत्रिक बाजूंपैकी दृश्यपरिणामांविषयी मते भिन्न आहेत. फॉसेट यांनी संगणकीय चित्रांऐवजी रंगभूषा, कृत्रिम अवयव आणि प्राण्याचा पोशाख यांवर भर दिला. जिंजरच्या चेहऱ्यात टप्प्याटप्प्याने होणारे बदल त्यामुळे आजही विश्वासार्ह वाटतात, संगणकाने केले असते तर ते एव्हाना जुनाट दिसले असते. शेवटी दिसणारा पूर्ण प्राणी मात्र तितका जमलेला नाही. फिकट, जवळजवळ केसविरहित अशा त्या शरीराची कल्पना चांगली आहे, पण हालचालींत पोशाखाचे जडपण जाणवते, आणि ते झाकण्यासाठी शेवटची वीसेक मिनिटे इतक्या अंधारात ठेवली आहेत की घरात कोण कुठे आहे हे कळायला कष्ट पडतात. छायालेखक थॉम बेस्ट यांनी दिवसाच्या प्रसंगांत पानगळीचा राखाडी-तपकिरी रंग ज्या संयमाने वापरला आहे, त्यामानाने हा अंधार आळशी वाटतो. माइक शील्ड्स यांचे संगीत दचकवण्याच्या भानगडीत फारसे पडत नाही. त्याचा मुख्य सूर शोकाचा आहे, आणि तो पहिल्या चौकटीपासूनच शोकाचा आहे.

अंधाराची तक्रार करूनही शेवटचा प्रसंग सोडवत नाही. जिंजरला घरी यायला राजी करण्यासाठी ब्रिजिट स्वतःचा तळहात कापून तिचे रक्त आपल्या रक्तात मिसळते. म्हणजे ज्या आजारातून बहिणीला वाचवायचे, तोच ती स्वखुशीने अंगावर घेते. वर वर पाहता हा प्रेमाचा कळस आहे, पण इतका वेळ आपण जे पाहत आलो त्याच्या उजेडात तो जुन्या शपथेचाच आणखी एक हप्ता आहे. सॅम मारला जातो. तळघरातल्या त्यांच्या खोलीत, भिंतीवर लावलेल्या जुन्या छायाचित्रांच्या मधे, ब्रिजिट एका हातात अर्काची सुई आणि दुसऱ्या हातात सुरी घेऊन उभी राहते आणि तुझ्याबरोबर या खोलीत मी मरणार नाही, असे तिला बजावते. शपथ मोडणारे हे वाक्य सबंध चित्रपटात तिच्या तोंडी आलेले पहिले असे वाक्य आहे ज्यात ती स्वतःबद्दल आणि केवळ स्वतःबद्दल बोलते. जिंजर झेपावते आणि सुरी तिच्या शरीरात जाते. धाकटीची सुटका आणि थोरलीचा अंत एकाच हालचालीत घडावा, हे क्रूर आहे. दुसरा मार्गच नव्हता का, असे मनात येत राहते. माझे मत असे, की पटकथेने मुद्दामच तो मार्ग उघडा ठेवला होता, सुई हातात होती, आणि म्हणूनच हा शेवट नियतीचा न राहता त्या दोघींचा राहतो.

दुसऱ्या भागात, म्हणजे २००४ च्या 'जिंजर स्नॅप्स २: अनलीश्ड' मध्ये, एक माहिती अशी मिळते जी पहिल्या भागाचा अर्थ मागे जाऊन बदलते: तो अर्क आजार बरा करत नाही, फक्त लांबवतो. पहिल्या भागाचे संकलक ब्रेट सुलिव्हन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट व्यसनमुक्तीच्या केंद्रात घडतो, जिथे रोज सुई टोचून घेणाऱ्या ब्रिजिटला सगळे व्यसनी समजतात, आणि जिंजर तिला अधूनमधून दिसत राहते. कथानक ठिकठिकाणी विस्कळीत आहे, तरी दुरावलेल्या बहिणीचा आवाज डोक्यात घेऊन जगणे कसे असते याचे चित्रण त्यात मनावर ठसते, आणि घोस्ट नावाच्या मुलीच्या भूमिकेत ताटियाना मस्लानी यांचे सुरुवातीच्या काळातले काम पाहायला मिळते. फॉसेट यांनी पुढे २०१३ मध्ये ग्रेम मॅन्सन यांच्यासह उभ्या केलेल्या 'ऑर्फन ब्लॅक' या मालिकेच्या त्याच नायिका झाल्या, आणि त्या मालिकेतल्या एका उपनगराचे नावही बेली डाउन्स आहे. २००४ मध्येच आलेला तिसरा भाग याच दोन अभिनेत्रींना एकोणिसाव्या शतकातल्या एका किल्ल्यात नेऊन सोडतो. देखणा आहे, पण तिथल्या बहिणी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकमेकींना धरून राहतात, आणि त्यामुळे पहिल्या भागात जे पणाला लागले होते ते त्यात पणाला लागतच नाही. तो वगळला तरी चालेल.